वामनवृक्षालाही वाफसा हवा

कुंडीत वाढविलेल्या ठेंगण्या झाडास, म्हणजेच बोन्सायला, मराठीत वामनवृक्ष असे सार्थ नाव आहे. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक ही आपल्याकडील झाडे या कलेस चांगली साथ देतात. त्यामुळे लहान रोपवाटिका चालविणाऱ्या शेतकऱ्यास हा एक जोडधंदाही होऊ शकतो. परंतु दहा-बारा वर्षे जोपासलेले झाड पाण्यातील चुकीने थोड्याच दिवसांत हातचे जाते, आणि तसे दुसरे उभे करावयाचे तर पुन्हा तितकीच वर्षे वेचावी लागतात. ही हानी टाळता येण्याजोगी आहे.

झाड ठेंगणे राहावे म्हणून त्याचे पाणी तोडावे, असा एक समज रूढ आहे. तो सर्वस्वी चुकीचा होय. वामनवृक्ष ठेंगणा राहतो तो शेंड्यांच्या व मुळांच्या वेळोवेळी केलेल्या छाटणीने आणि लहान कुंडीमुळे, तहानेने नव्हे. दुसरी चूक याच्या उलट, पण तितकीच घातक आहे. माती ओली असो वा कोरडी, रोज ठरल्या वेळी तांब्याभर पाणी ओतले जाते. मुळांना हवा मिळेनाशी होते, ती कुजतात आणि पाने माना टाकतात. हे तहानेचे लक्षण समजून पाळणारा आणखी पाणी घालतो व झाड गमावतो.

वस्तुतः यात शेतकऱ्यास अपरिचित असे काही नाही. मातीत ओल आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असणे म्हणजे वाफसा. शेतात जो वाफसा तो पाहतो, तोच कुंडीत सांभाळावयाचा आहे. एक पेर खोल बोट घालून पाहावे. वरची माती सुकली व आत किंचित ओल उरली, की तळाच्या छिद्रांतून पाणी वाहू लागेपर्यंत झारीने सावकाश पाणी द्यावे. कडक उन्हाळ्यात हे दिवसातून दोनदा करावे लागेल; पावसाच्या झडीत कित्येक दिवस मुळीच नाही. कुंडीखाली पाणी साचू देऊ नये.

वाफसा टिकण्यास माती मोकळी हवी. निव्वळ काळी माती भिजली की फुगते, सुकली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते; मग पाणी कडेने निघून जाते व मुळे कोरडीच राहतात. त्यापेक्षा भुकटी चाळून काढलेला विटांचा चुरा, जाड वाळू व चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण हितावह ठरते.

ज्या जपानात ही कला परिपूर्णतेस पोहोचली, तेथे पाणी घालण्यास शिकावयाला तीन वर्षे लागतात, अशी म्हण आहे. वाफसा ओळखणाऱ्या शेतकऱ्याने त्यातील निम्मी वाट आधीच चाललेली असते. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा झाडांसाठी पाण्याचे वेळापत्रक सांगू नये. मातीस हात लावून पाहण्याची सवय लावावी.