शेकोटीचा धूर, गाडीचा धूर आणि हिशेबाची वही

दिल्लीत डिसेंबर आला की वर्तमानपत्रांत एक ठरलेले छायाचित्र छापून येते. धुरक्यात बुडालेला रस्ता, कडेला शेकोटी आणि तिच्याभोवती घोंगड्या पांघरून बसलेली चार माणसे. खाली ओळ असते की हवेने धोक्याची पातळी ओलांडली. त्याच चित्रात मागे गाड्यांच्या दिव्यांची लांब रांगही असते, पण नजर शेकोटीवरच थांबते. तिचा धूर दिसतो. गाडीतून निघणारा बराचसा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही.

शहराची हवा ऊब मिळवण्यासाठी जाळलेल्या लाकडाने जास्त बिघडते की वाहनांनी, हा प्रश्न वरवर शास्त्रज्ञांचा वाटतो. पर्यावरण हा आपला विषय नाही, आधी आरक्षण, आधी अत्याचार, असे आपल्यातलेच अनेक कार्यकर्ते म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. त्या शेकोटीभोवती कोण बसले आहे ते पाहा. रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, पहाटे झाडू घेऊन निघालेला कंत्राटी सफाई कामगार, बांधकामावरचा मजूर, फूटपाथवर झोपणारे कुटुंब. त्यांची जात कोणी विचारत नाही, कारण विचारायची गरजच पडत नाही. प्रदूषणाचे खापर फोडायची वेळ येते तेव्हा ते कोणाच्या डोक्यावर फुटणार, हा प्रश्न आपलाच आहे.

आता आकडे बघू. आयआयटी कानपूरचा दिल्लीवरचा अहवाल २०१६ साली आला. हिवाळ्यात हवेतल्या पीएम २.५ मध्ये, म्हणजे फुप्फुसात खोल उतरणाऱ्या अतिसूक्ष्म कणांमध्ये, वाहनांचा वाटा त्यात सुमारे २५ टक्के आणि लाकूड, गोवऱ्या, पालापाचोळा, पिकांचे अवशेष वगैरे जाळण्याचा सुमारे २६ टक्के दिला आहे. जवळजवळ बरोबरी. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, टेरी आणि पुण्याच्या एआरएआय या संस्थांचा अहवाल आला. त्यात हिवाळ्यातला वाहनांचा वाटा २८ टक्के, घरगुती इंधनाचा १० आणि शेतातल्या जाळण्याचा ४. शहर तेच, ऋतू तोच, पण एका हिशेबात चूल आणि शेकोटी गाडीच्या बरोबरीला येऊन बसते आणि दुसऱ्यात बरीच मागे राहते. यात कोणी खोटे बोललेले नाही. मोजण्याची पद्धत बदलली, कोणती गोष्ट कोणत्या रकान्यात टाकायची ते बदलले, की टक्के बदलतात. म्हणून कोणी अर्धवट आकडा तोंडावर फेकला की आधी विचारायचे: रकाने कोणी आखले?

हे रकान्यांचे प्रकरण नीट समजून घेण्यासारखे आहे. कानपूरच्या त्याच अहवालात हिवाळ्यातला सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३० टक्के, 'दुय्यम कणां'चा आहे. हे कण कोणत्याही धुराड्यातून तयार होऊन बाहेर पडत नाहीत. गाड्या आणि औष्णिक वीज केंद्रे नायट्रोजनची ऑक्साइड्स सोडतात, कोळशातून सल्फर डायऑक्साइड निघतो, आणि हवेतल्या अमोनियाशी त्यांचा संयोग होऊन नायट्रेट व सल्फेटचे कण बनतात. थंडीत नायट्रेटचे कण जास्त टिकतात. त्या अहवालाप्रमाणे दिल्लीतल्या नायट्रोजन ऑक्साइड्सपैकी निम्म्याहून थोडी जास्त मोठ्या उद्योगांतून, मुख्यतः वीज केंद्रांतून येतात आणि सुमारे ३६ टक्के वाहनांतून. म्हणजे लाकडाचा धूर बव्हंशी स्वतःच्या नावावर मोजला जातो, तर गाडीच्या धुराचा मोठा भाग नाव बदलून दुसऱ्याच रकान्यात जातो. गरिबाचे सगळे कर्ज त्याच्या खात्यावर आणि सावकाराचे मात्र बेनामी, असा हा हिशेब आहे.

पण म्हणून शेकोटी निर्दोष ठरत नाही, हेही आपण आपल्या लोकांना स्पष्ट सांगितले पाहिजे. ओल्या लाकडाचा, सनमायका चिकटवलेल्या प्लायवूडच्या तुकड्यांचा, प्लास्टिकचा धूर हा ट्रकच्या धुराइतकाच घातक असतो, आणि तो सर्वांत आधी पेटवणाऱ्याच्याच छातीत जातो. पुणे-नाशिक-नागपूरच्या वस्त्यांत हिवाळ्याच्या सकाळी दारापुढे तीन दगडांची चूल किंवा बंब पेटतो, तो अंघोळीचे पाणी तापवायला. फर्निचरच्या दुकानामागून वेचून आणलेले तुकडे त्यात जातात. फुंकणारी बहुधा आई किंवा मोठी मुलगी असते. या धुराला 'आपली संस्कृती' म्हणून कवटाळण्याचे कारण नाही. महामार्गावरच्या ढाब्यांवर 'चुलीवरचं मटण' अशी पाटी लावून जास्त पैसे घेतले जातात, ती हौस ज्यांना परवडते त्यांनी करावी. जिने आयुष्यभर चूल फुंकली तिला त्या चवीचे कौतुक सांगू नये.

मग सिलिंडर का वापरत नाहीत, असे सोसायटीतले शेजारी विचारतात. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली आणि आज तिची जोडणी दहा कोटींहून अधिक घरांत आहे. पण या घरांत वर्षाला सरासरी चारच्या आसपासच सिलिंडर भरून आणले जातात. एवढ्यात वर्षभराचा स्वयंपाकही भागत नाही, तर पाच जणांच्या अंघोळीचे पाणी त्यावर कोण तापवणार?

हाच प्रश्न दुसऱ्या एका शहराने कसा सोडवला, ते पाहू. बाबासाहेब ज्या लंडनमध्ये शिकले ते लंडन घराघरांत कोळशाची शेगडी पेटवून ऊब घेत होते. डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस विषारी धुरक्याने ते शहर झाकून गेले आणि सुरुवातीच्या मोजदादीतच मृतांचा आकडा चार हजारांवर गेला. १९५६ साली तिथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. त्या कायद्याने अनेक भागांत धूर काढायला बंदी घातली, पण त्याच कायद्यात आणखी एक कलम होते: शेगडी बदलण्याच्या वाजवी खर्चाचे सत्तर टक्के स्थानिक प्रशासनाने द्यायचे. धूर बंद कर म्हणताना ऊब कुठून येणार याचे उत्तरही कायद्यातच लिहिले होते.

गंमत अशी की ब्रिटनमध्ये आज चित्र उलटे आहे. तिथल्या सरकारने २०२२ मध्ये सुधारून दिलेल्या आकड्यांप्रमाणे पीएम २.५ च्या उत्सर्जनात घरात जाळलेल्या लाकडाचा वाटा सुमारे १७ टक्के आणि रस्त्यावरच्या वाहतुकीचा सुमारे १३. त्याआधी लाकडाचा वाटा ३८ टक्के सांगितला जात होता. तिथेही हिशेब असा हलतो. पण जाळतो कोण? सरकारी पाहणीनुसार लोकसंख्येतले जेमतेम ८ टक्के, आणि त्यांतले जवळपास निम्मे वरच्या आर्थिक वर्गातले. बहुतेकांच्या घरात ऊब मिळवायची दुसरी सोय असते. दिवाणखान्यात जाळ दिसला की बरे वाटते. कागदावर त्यांचे लाकूड आणि दिल्लीच्या सफाई कामगाराचे लाकूड एकाच रकान्यात बसते. गरजेचा धूर आणि हौसेचा धूर वेगळा मोजणारा रकाना कुठल्याच अहवालात नाही, आणि तो आपणच मागितल्याशिवाय येणार नाही.

आपल्याकडे मागण्याआधी दंड आला. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५ हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५ हजार रुपये दंड ठरवला. कचरा जाळणे वाईटच. पण कंत्राटदाराची गाडी येत नाही म्हणून झाडलेला पाला जाळणारा कामगार हातात सापडतो, कंत्राटदार सापडत नाही. एकट्याने मोटार घेऊन सिग्नलवर इंजिन चालू ठेवणारा तर कोणाला गुन्हेगार वाटतच नाही. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती इथेही काम करते. ज्याच्या हातात झाडू त्याचाच धूर विटाळ, आणि ज्याच्या हातात स्टिअरिंग त्याचा धूर विकास.

आणि गाडीचा धूर खातो कोण, तेही बघा. घाटकोपरचे रमाबाई आंबेडकर नगर पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून आहे. ११ जुलै १९९७ च्या गोळीबारात आपली दहा माणसे तिथे गेली, म्हणून ते नाव आपण विसरत नाही. त्याच वस्तीतली मुले रात्रंदिवस त्या महामार्गाची हवा घेतात, ज्यावरून त्यांच्यापैकी फार थोड्यांची मोटार धावते. टनांच्या हिशेबात हे येत नाही. किती धूर निघाला ते मोजले जाते, तो कोणाच्या नाकाशी निघाला ते मोजले जात नाही.

पैसा कुठे गेला? केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. सीएसई या संस्थेने २०२४ मध्ये केलेल्या विश्लेषणानुसार त्यातला सुमारे ६४ टक्के खर्च रस्त्यावरच्या धुळीवर झाला. जाळण्यावर साडेचौदा टक्के, वाहनांवर साडेबारा टक्क्यांच्या आसपास. पाण्याचे फवारे आणि झाडण्याची यंत्रे विकत घेणे सोपे, त्यात कंत्राटही निघते. बससेवा वाढवणे आणि वस्तीत गरम पाण्याची सोय करणे यात कोणाचे कंत्राट अडकलेले नसते.

दिल्लीच्या आपत्कालीन आराखड्यात मात्र एक चांगली अट आहे. हवा बिघडली की सोसायट्यांनी आपल्या सुरक्षारक्षकांना विजेचे हीटर द्यायचे, म्हणजे शेकोटी पेटवावी लागू नये. ही अट पुण्यात, नाशकात, नागपुरात का नसावी? सफाई कामगारांच्या हजेरी शेडमध्ये हीटर आणि गरम पाणी, वस्त्यांत सार्वजनिक सौर बंब, उज्ज्वलाच्या घरांना हिवाळ्याचे दोन सिलिंडर मोफत, आणि सीमेंटच्या रस्त्यांआधी बसगाड्या: प्रत्येक शाखेने आपल्या महापालिकेकडे हे लेखी मागावे. स्वच्छ हवेसाठी आलेला निधी कोणत्या कामावर किती खर्च झाला याचा माहिती अधिकारातला अर्जही सोबत जोडावा. महापालिकेचे अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडले जाते आणि तोवर थंडी ओसरून हा विषय सगळे विसरलेले असतात. अर्ज शेकोट्या पेटलेल्या असतानाच, डिसेंबरात गेला पाहिजे.