फावल्या वेळाची मजुरी

डोंबिवली-कल्याणकडून मुंबईस जाणाऱ्या लोकलच्या महिला डब्यात ज्यांना बसावयास जागा लाभते, त्यांच्यापैकी एखादीच्या हाती अजूनही क्रोशाची सुई दिसते. आणि मध्यभागी साखळीचे कडे, त्याभोवती खांब, मग फेरीगणिक वाढत जाणारे टाके, असे करीत टीपॉयवरचा जो गोल रुमाल सिद्ध होतो, त्याला आपण कौतुकाने फावल्या वेळचा छंद म्हणून मोकळे होतो. या कौतुकास माझी सक्त हरकत आहे, कारण त्याच्या आडून विणणारीचा मोबदला बुडतो.

आंध्रातील नरसापूर येथे मिशनऱ्यांच्या मागोमाग रुजलेली ही क्रोशाच्या लेसची कला परदेशी बाजारपेठेपर्यंत पोहोचली. परंतु मारिया मीस या विदुषीने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की, विणणाऱ्या स्त्रिया केवळ गृहिणी व त्यांचे काम फुरसतीचे, असे एकदा गृहीत धरल्यावर त्यांना तुटपुंजी मजुरी देणे व्यापाऱ्यांस सोपे गेले. २०२४ साली तेथील लेसला भौगोलिक मानांकन मिळाले, ही वार्ता आनंदाची खरी. मजुरीचा प्रश्न मात्र तेवढ्याने सुटत नाही.

आपल्याकडेही ठाण्या-डोंबिवलीच्या प्रदर्शनांत सोफ्याच्या पाठीवरचे क्रोशाचे आच्छादन हाती घेऊन, केवळ सुताच्या रिळांची किंमत मनात मोजून घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकास, एक टाका चुकला तर प्रसंगी अख्खी फेरी उसवावी लागते, हे ठाऊकही नसते. म्हणून असे विणकाम विकणाऱ्या बचत गटांनी दरपत्रकावर सुताचा खर्च आणि विणकामाचे तास निरनिराळे नोंदवावेत, आणि शिंप्यास आपण जी मजुरी बिनतक्रार देतो, तिच्याहून कमी दर त्या तासांस लावू नये.