पाटी बघू नका, शेडमध्ये काय आहे ते बघा

सीमाभागातल्या मराठी माणसाला दुसऱ्यांनी केलेल्या अन्यायाची यादी तोंडपाठ आहे. आज मात्र बोट आपल्याकडेच वळवायचे आहे. शहापूर-वडगावपासून निपाणीच्या हमरस्त्यापर्यंत आपल्यापैकी अनेकांनी वडिलोपार्जित जागा गॅरेजला भाड्याने दिली आहे. भाडे दरमहा मोजून घेतो. आत काय साठते ते कधी पाहिले?

मी बँकेत कारकून. गॅरेजच्या कर्जाची फाईल आली की विम्याची पॉलिसी आधी तपासतो. पण पॉलिसी आगीनंतर पैसे देते, आग विझवत नाही.

आग विझवणारे पाण्याचे फवारे, म्हणजे स्प्रिंकलर, किती क्षमतेचे हवेत हे धोक्याच्या वर्गावर ठरते. अमेरिकेच्या एनएफपीए-१३ मानकात हलका, साधारण आणि जादा असे तीन मुख्य वर्ग आहेत. दुरुस्तीचे गॅरेज येते 'साधारण धोका, गट दोन'मध्ये. म्हणजे १३९ चौरस मीटर जागेवर दर चौरस मीटरला मिनिटाला ८.१ लिटर, एकूण मिनिटाला ११०० लिटरहून जास्त. घरावरची हजार लिटरची टाकी एका मिनिटात रिकामी! रंगाची फवारणी होते ती जागा तर 'जादा धोका, गट दोन'मध्ये. तिथे दर चौरस मीटरला पाणी दुप्पट लागते. नुसत्या पार्किंगलाही २०२२ च्या आवृत्तीत साधारण गट एकमधून दोनमध्ये नेले, कारण आजच्या गाडीत प्लास्टिक वाढले आहे.

आपल्या आयएस १५१०५ मध्येही वर्ग जागेच्या वापरावरूनच ठरतो. पाटीवर 'सर्व्हिसिंग' लिहिल्याने आतला थिनर पाणी होत नाही.

कोणी म्हणेल, छोट्या मिस्त्रीला हा खर्च कसा झेपणार? रास्त प्रश्न. मग त्या शेडमध्ये रंगकाम नको, वेल्डिंगशेजारी पेट्रोलचा डबा नको, आणि कामाची पोरे रात्री आत झोपायला नकोत. एवढे तरी झेपते.

अग्निसुरक्षेचे नियम मराठीत मिळावेत ही मागणी आपण करूच. पण ते हाती येईपर्यंत आगीने थांबायचे कबूल केलेले नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बेळगावजवळच्या नावगे येथे कारखान्याला आग लागली, एक तरुण कामगार गेला. गॅरेजमध्ये राबणारी पोरेही त्याच वयाची आहेत.

पुढचा भाडेकरार करताना अनामत रकमेइतक्याच काळजीने आगीचे कलम घाला. जागा आपली, तर जबाबदारीही आपलीच.