पेन्शनच्या मोर्चाने काय मिळवले, आणि कोणासाठी?

14 ते 20 मार्च 2023 असे सात दिवस राज्यातले सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर होते. त्या आठवड्यात आम्ही आधी नांदेडच्या आणि मग लातूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर निघालेल्या मोर्चात चाललो. डोक्यावर पांढऱ्या टोप्या, तोंडी एकच घोषणा: 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. भावनेला बाजूला ठेवून त्या मोर्चाचा हिशेब मांडला पाहिजे.

आधी जमेची बाजू पाहू. डिसेंबर 2022 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात सरकारने सांगितले होते की जुनी पेन्शन दिली तर 1 लाख 10 हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल. विषय तिथेच संपल्यासारखा होता. संप सुरू झाला त्याच दिवशी समिती नेमली गेली. जानेवारी 2024 मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की ज्यांच्या पदाची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी निघाली, पण नेमणूक नंतर झाली, त्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय द्यायचा. आणि मार्च 2024 मध्ये शेवटच्या पगाराच्या 50 टक्के पेन्शन आणि वर महागाई भत्ता, अशी सुधारित योजना जाहीर झाली. ही जुनी पेन्शन नव्हे. पण तिजोरीत पैसा नाही म्हणणाऱ्यांना वाट काढावी लागली. हे मोर्चाचे यश आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

आता दुसरी बाजू. त्याच आठवड्यात मराठवाड्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. शेतकरी पंचनाम्याची वाट पाहत होता आणि पंचनामा करणारे संपावर होते. रस्त्याच्या कडेला उभे राहून मोर्चा पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यावर आम्हाला आपुलकी कमी आणि अलिप्तपणा जास्त दिसला. सरकारी दवाखाना, जिल्हा परिषदेची शाळा आणि तलाठी ज्यांना रोज लागतात, तेच लोक आमच्यासोबत नव्हते. त्यांचा एकही प्रश्न आमच्या फलकावर नव्हता.

याची किंमत लवकरच कळली. संप मिटून सहा महिनेही झाले नव्हते, तोच 6 सप्टेंबर 2023 चा शासन निर्णय आला: नऊ खासगी संस्थांमार्फत बाह्य यंत्रणेतून मनुष्यबळ घ्यायचे. खर्च वाचवण्याचा हा दुसरा मार्ग. पेन्शनवाला कर्मचारी महाग वाटतो, म्हणून कर्मचारीच नेमायचा नाही. एजन्सीमार्फत भरलेल्या जागेला बिंदुनामावली लागत नाही. म्हणजे संविधानाच्या कलम 16(4) ने दिलेले प्रतिनिधित्व रद्द न करताच निकामी होते. राज्यभर स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि 20 ऑक्टोबरला सरकारने तो निर्णय मागे घेतला. पण कागद मागे घेतल्याने रिक्त जागा भरल्या जात नाहीत. याच ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले. त्यात 12 नवजात बालके होती. त्यानंतर औषधपुरवठा आणि रिक्त पदे यांचा प्रश्न थेट उच्च न्यायालयापर्यंत गेला.

मार्चमध्ये हजारोंनी चालणारे आम्ही कर्मचारी सप्टेंबरमध्ये त्या मुलांच्या मागे तितक्याच संख्येने उभे होतो का? आम्हाला तसे दिसले नाही. यातले कित्येक जण आरक्षणामुळेच खुर्चीवर बसले आहेत. 18 मार्च 1956 ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दलची खंत जाहीरपणे बोलून दाखवली होती. आमचा संप सुरू असताना तीच तारीख येऊन गेली. आमच्यापैकी किती जणांना ती आठवली?

आमचे मत स्पष्ट आहे. मोर्चाने आमचे म्हातारपण काहीसे सुरक्षित केले; आमच्या जागेवर उद्या कोण बसणार, हा प्रश्न त्याने विचारलाच नाही. जागाच भरली नाही तर पुढच्या पिढीला पेन्शन कशाची?

म्हणून पुढच्या मोर्चाच्या फलकावर पेन्शनच्या खाली आणखी दोन ओळी हव्यात: रिक्त पदे बिंदुनामावलीनुसार कायमस्वरूपी भरा, आणि आज राबणाऱ्या कंत्राटी कामगाराला किमान वेतन व भविष्य निर्वाह निधी द्या. तोवर एक काम प्रत्येकाला करता येईल. आपल्याच कार्यालयात मंजूर पदे किती, भरलेली किती आणि अनुशेष किती, याची माहिती काढा. ती मिळत नसेल तर समाजातल्या एखाद्या तरुणाला माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला मदत करा. तो आकडा घेऊन गावात गेलो, तर पुढच्या वेळी रस्त्याच्या कडेला उभी असलेली माणसेही आमच्यासोबत चालतील.

जय भीम.