‘फौजी पार्टी’ आणि कार्डाचा फोटो

घोडबंदर रोडपासून पलावापर्यंत भाड्याच्या फ्लॅटची ऑनलाइन जाहिरात टाकणाऱ्या एजंटांना आणि घरमालकांना हा फोन आता परिचयाचा झाला आहे. मी सैन्यात आहे, बदली मुंबईला झाली आहे, फ्लॅट बघायला सुट्टी मिळत नाही, पण डिपॉझिट आजच पाठवतो. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखपत्र, कँटीन कार्ड आणि गणवेशातला फोटो. मग ‘आमच्या खात्याची पद्धत वेगळी आहे’ म्हणून क्यूआर कोड येतो. घरमालक तो स्कॅन करून पिन टाकतो आणि पैसे येण्याऐवजी जातात.

कार्ड वाचता आले तर हे टळेल, असे आपल्यापैकी अनेक एजंटांना वाटते. काही खुणा माहीत असाव्यात हे खरेच. भूदलात कायम कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्याच्या क्रमांकाआधी ‘आयसी’, अल्पसेवा कमिशनच्या अधिकाऱ्याला ‘एसएस’, सुभेदारासारख्या जेसीओला ‘जेसी’ अशी अक्षरे असतात. जवानाचा क्रमांक आकड्यांनीच सुरू होतो. शेवटचे अक्षर पडताळणीचे असते. म्हणजे ‘मेजर’ म्हणवणाऱ्याच्या कार्डावर ‘जेसी’ दिसले, तर तिथेच थांबावे. सीआयएसएफचे कार्ड दाखवून ‘आर्मी’ सांगणाराही भेटतो; ते दल गृह मंत्रालयाचे, सैन्याचे नव्हे.

पण या ज्ञानावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. अशा बऱ्याच प्रकरणांत कार्ड खऱ्या जवानाचेच निघाले आहे. कधी त्याने स्वतःच कुठल्या तरी व्यवहारात भाबडेपणाने पाठवलेले असते. त्यावरची प्रत्येक खूण बरोबर असते आणि खुणा तपासणारा जास्त निर्धास्त होतो. कार्ड खरे आहे, एवढेच त्यातून कळते. ते पाठवणारा कोण, हे नाही.

ते कळायला आपल्या धंद्याची नेहमीची वाट पुरेशी आहे. पार्टी किंवा तिच्या घरचे कोणी फ्लॅट बघायला येऊ दे. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार बंधनकारक आहे आणि त्या वेळी अंगठा, फोटो होतोच. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची आहेच. आपल्या भागात खरे सैनिकही राहतात, कोलशेतला हवाई दलाचे ठाणे आहे. त्यांना ही वाट अपमानाची वाटण्याचे कारण नाही, आणि त्यांच्यावर उगाच संशय घेणे त्याहून वाईट.

घरमालकाला एक गोष्ट टोकन घेण्याआधीच सांगा: यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. ‘आधी एक रुपया पाठवा’ म्हणणाऱ्याशी बोलणे तिथेच संपवा.

पैसे गेलेच तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. वेळ जाईल तसे ते पुढच्या खात्यांत सरकतात. तोतयागिरी करून ऑनलाइन फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66डी खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणून नंबर, चॅट, व्यवहाराचा तपशील पुसू नका.

आणि सावधगिरीचा इशारा म्हणून ते कार्ड एजंटांच्या ग्रुपवर टाकू नका. त्यावरचा चेहरा बहुधा ज्याला यातले काहीच ठाऊक नाही अशा जवानाचा असतो. फोटो पोलिसांना द्या, ग्रुपवर फक्त फोन करणाऱ्याचा नंबर कळवा.