पहिलीला कुणीही चालेल?

इंदापूर तालुक्यात बारावी झालेल्या मुलीने डी.एल.एड.ला, म्हणजे पूर्वीच्या डी.एड.ला, जायचं म्हटलं की तीन वाक्यं ठरलेली. पोरांना बाराखडी शिकवायला दोन वर्षांचं शिक्षण कशाला? भरतीच नाही, मग कोर्स करून उपयोग काय? आणि शिकल्या-सवरल्यांचं तिसरं: आता सगळं परीक्षांवर आहे, टीईटी ही पात्रता परीक्षा आणि टेट ही भरतीची परीक्षा काढ, कोर्स काय नावापुरता. बोलणारी माणसं घरातलीच असतात आणि काळजीपोटी बोलतात, हे मान्य. पण तिन्ही म्हणणी चुकीची आहेत. त्यातलं पहिलं तर सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत घातक आहे, म्हणून आधी तेच घेतो.

दुसरीच्या वर्गात गुरुजी ‘सत्तेचाळीस’ म्हणतात. मुलाच्या कानावर आधी सात पडतात, मग चाळीस. लिहिताना मात्र आधी चार मांडायचे. मूल ऐकलेल्या क्रमाने 74 लिहितं. पुढे एकोणपन्नास येतो. नावात पन्नास, पण बसतो चाळिशीच्या घरात. न शिकलेला शिक्षक म्हणतो, लक्ष नाही तुझं, दहा वेळा लिहून आण. प्रशिक्षण नीट झालेली बाई त्या 74 मध्ये मुलाचा विचार पाहते. ती दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून चार गठ्ठे आणि सात सुट्ट्या काड्या समोर ठेवते, आणि हाताने मोजलेली संख्या आधी पक्की करून मग नावाकडे वळते. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर वादळ उठलं होतं. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर मुलांची हीच अडचण समजावून सांगत होत्या. तो उपाय कुणाला पटो न पटो, अडचण खरी होती. पहिली-दुसरीचं गणित सोपं असतं असं म्हणणाऱ्यांनी ती कधी पाहिलेलीच नव्हती.

वाचनाचंही तसंच. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढायची, उच्चारायची मात्र अक्षरानंतर. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर द्यायचा आणि बोलायचा त्याच्या आधी. बाराखडी घडाघडा म्हणणारं मूल साधं वाक्य वाचताना अडखळतं ते यामुळे. कोणतं अक्षर आधी घ्यायचं, कोणत्या शब्दांतून घ्यायचं, जोडाक्षराकडे कधी वळायचं, हे नुसतं स्वतःला वाचता येत असल्याने कळत नाही. मोठ्या माणसाला वाचन इतकं अंगवळणी पडलेलं असतं की आपण ते कसं शिकलो, हेच तो विसरलेला असतो.

आता वाडीवस्तीवरची शाळा पाहा. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे पट पंचवीसचा असला तरी दोघांत चार-पाच इयत्ता. एका खोलीत पहिली आणि दुसरी, कधी तिसरीही. पहिलीला मातीत अक्षर गिरवायला लावायचं, दुसरीला जोडीने वाचायला बसवायचं, तिसरीच्या उदाहरणाशी स्वतः थांबायचं आणि पंधरा मिनिटांनी सगळं फिरवायचं. जोडवर्गाची ही कला पदवीच्या कुठल्या वर्गात शिकवतात? बी.एड.चा भर माध्यमिकच्या विषयांवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 रोजी बी.एड. ही पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी पात्रता मानता येणार नाही असा निकाल दिला, तो याच कारणाने. 2018 साली राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने सहा महिन्यांच्या जोडकोर्सवर बी.एड.वाल्यांना प्राथमिकला वाट करून दिली होती. पदवी मोठी असली म्हणजे लहान मुलांना शिकवता येतं, हा समज त्यामागे होता.

काही जण वस्तीशाळांचा दाखला देतात. 2000 नंतर गावातल्याच तरुण-तरुणींनी नाममात्र मानधनावर, प्रशिक्षण नसताना, त्या शाळा उभ्या केल्या. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण दाखला उलटा लागू पडतो. शिकवता शिकवता त्यांना पत्रद्वारा डी.एड. करावं लागलं, आणि 2014 मध्ये सेवेत सामावून घेईपर्यंत त्यांनी काढलेले दिवस प्रशिक्षणाची गरज नाही असं मुळीच सांगत नाहीत. प्रशिक्षण न देता माणसाला एकटं वर्गात सोडणं किती निर्दय असतं, हे मात्र सांगतात.

दुसरं म्हणणं भरतीचं. इथला राग खरा आहे आणि तो कमी लेखू नये. पंधरा-वीस वर्षांपूर्वी डी.एड. विद्यालयाची मागेल त्याला परवानगी मिळाली. जमीन विकून, दागिने मोडून पोरांना तिथे घातलेल्या घरांची संख्या या भागात कमी नाही. मग 2010 च्या शिक्षक भरतीच्या सीईटीनंतर भरती थबकली आणि टेट व्हायला 2017 चा डिसेंबर उजाडला. ज्यांना नेमणूक मिळाली त्यांनाही तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. 2023 पर्यंत प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला महिन्याला 6,000 रुपये मिळत, आता 16,000 मिळतात. ऊसतोडीच्या कोयत्याला त्या सहा हजारांपेक्षा जास्त मिळतं, असं लोक म्हणत, ते उगाच नाही. पण हा दोष नियोजनाचा आहे. किती शिक्षक निवृत्त होणार आणि किती लागणार याचा मेळ न घालता विद्यालयं वाटली गेली. सरकारी दवाखान्यात डॉक्टरच्या जागा रिकाम्या ठेवल्या म्हणून वैद्यकीय शिक्षण निरुपयोगी ठरवत नाही कुणी. शिक्षकांच्या बाबतीत मात्र ही गल्लत सगळेच करतात, आणि सरकारला ती सोयीची पडते.

तिसरं, परीक्षांचं. टीईटी म्हणजे दीडशे मिनिटांत दीडशे प्रश्न, टेट म्हणजे दोन तासांत दोनशे. गोळे रंगवायचे किंवा पडद्यावर पर्याय निवडायचे. पवित्र पोर्टलवरच्या गुणवत्ता यादीमुळे जिल्हा परिषदेच्या भरतीत वशिल्याला जागा उरली नाही, हा मोठा लाभ आहे आणि तो कुणी हिरावू नये. पण 2019-20 च्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचं प्रकरण पुणे पोलिसांनी उघड केलं, साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली, आणि परीक्षा झाली म्हणजे खातरी झाली हा भ्रम तेव्हाच गळून पडायला हवा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालाने सेवेत असलेल्या शिक्षकांनाही, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असेल तर, टीईटी बंधनकारक झाली. या साऱ्या परीक्षांत एकदाही उमेदवाराला मुलांसमोर उभं करून पाहिलं जात नाही. ते फक्त प्रशिक्षणात होतं: टाचण वहीत, सराव पाठात, मागच्या बाकावर बसून आपला पाठ पाहणाऱ्या अनुभवी बाईंच्या शेऱ्यात. म्हणून कोर्स नावापुरता झाला तर मागे काहीच उरत नाही.

प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित हवा, त्याला पगार पुरेसा हवा आणि तो शक्यतो कष्टकरी शेतकरी समाजातून आलेला, नांगराला हात लावायला न लाजणारा हवा, हे जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात मांडलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1935 मध्ये साताऱ्याला प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं, त्यात हीच दृष्टी होती. खेड्यातली मुलं शिकवून खेड्यातच शिक्षक म्हणून धाडायची. आज नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. हीच किमान पात्रता करू पाहतं. अभ्यास सखोल व्हावा, यात मी धोरणाच्या बाजूने आहे. पण ती चार वर्षं पुण्यातच मिळणार असतील, तर कळस किंवा बावड्याची मुलगी त्यातून वगळली जाईल. एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल अशा अंतरावर ते शिक्षण असलं पाहिजे. तसं होत नाही तोवर दोन वर्षांचा अभ्यासक्रम मोडून टाकण्याला माझा विरोध आहे.

आणि तो अभ्यासक्रम या तालुक्याचा दिसला पाहिजे. भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर अशा कारखान्यांच्या भोवती दिवाळीच्या सुमारास बीडकडून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड कुटुंबं येतात आणि मार्चपर्यंत कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतात. त्यांच्यात घरी बंजारा समाजाची गोरमाटी बोलणारी मुलं असतात, धाकट्या भावंडाला सांभाळत शाळेला मुकणाऱ्या मुली असतात. मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगर कुटुंबांची मुलंही हंगामागणिक गाव बदलतात. अशी मुलं वर्षाच्या मध्यावर वर्गात येऊन बसतात तेव्हा काय करायचं, हे छात्राध्यापकाला प्रश्नपत्रिकेतल्या टिपेपुरतं माहीत असून भागत नाही.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमावलीने आंतरवासिता सक्तीची केलीच आहे. ती सोयीच्या शहरी शाळेत सह्यांपुरती उरकू देऊ नये. ज्या द्विशिक्षकी शाळेत ती होईल तिथल्या शिक्षकाला मार्गदर्शक म्हणून मानधन मिळावं, आणि अंतिम निकालात त्याच्या शेऱ्याला वजन असावं. आंतरवासितेचं वेळापत्रक गळीत हंगामाला धरून बसवावं. छात्राध्यापिकेने त्या काळात कोपीवरच्या तीन-चार मुलांचं वाचन आणि संख्याज्ञान स्वतः हाती घ्यावं. मार्चमध्ये कुटुंबं परत निघतील तेव्हा स्थलांतरित मुलांना मिळणाऱ्या शिक्षण हमी कार्डाबरोबर तिने एक पान लिहून द्यावं: हे मूल कोणती अक्षरं वाचतं, कुठे अडतं, किती गठ्ठ्यांपर्यंत मोजतं. म्हणजे बीडकडच्या शाळेतल्या गुरुजींना जूनमध्ये त्याला पुन्हा पहिल्या पानावर बसवावं लागणार नाही.