किल्ली हरवलेली लिपी

ग्रंथाची पाने स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवली की त्याचे जतन झाले, अशी एक सोयीची समजूत आपल्या वाङ्मयव्यवहारात रूढ झाली आहे. ती चुकीची तर आहेच. पण संशोधनाच्या दृष्टीने घातकही आहे. धामणगाव रेल्वेसारख्या गावी राहून मराठीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला पुण्या-मुंबईची ग्रंथसंग्रहालये दूर. ऑनलाइन ग्रंथालय हेच त्याचे ग्रंथालय. तेथे जे सापडत नाही, ते त्याच्या लेखी लिहिलेच गेलेले नसते.

याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे तीर्थस्थान. 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत नष्ट झाली आणि अनुयायांनी ते स्मरणातून पुन्हा सिद्ध केले, असे परंपरा सांगते. त्यातून पाठभेद उद्भवले. परंतु हा पाठ हिराइसेचा, हा परशरामबासांचा, ही नोंद परंपरेने ठेवली. पुढे ग्रंथ सकळ लिपीत बंदिस्त झाले, तेव्हा त्या लिपीची किल्लीही पंथाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली.

आपण काय सांभाळले? युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या फाँटांत जुळवला गेला, त्यांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली होती आणि प्रत्येक कंपनीचा संकेत निराळा होता. तो फाँट नसेल तर कथा-कवितेच्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसतो. ही आपली सकळ लिपी. फरक इतकाच, की तिची किल्ली कोणी कोणाच्या हाती दिली नाही.

स्कॅन केलेल्या ग्रंथांची स्थिती फारशी वेगळी नाही. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'चे मूळ संकेतस्थळ बंद पडले. त्यातील पुष्कळ ग्रंथ आज इंटरनेट अर्काइव्हवर मिळतात. मात्र अनेक मराठी ग्रंथांची नावे तेथे रोमन लिपीत आणि अशुद्ध नोंदलेली असल्यामुळे शोध घेणाऱ्याच्या हाती ती लागत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे ते अर्काइव्हही काही दिवस बंद होते. एका परकीय संस्थेच्या दारावर आपली स्मृती टांगून आपण निश्चिंत आहोत!

काहीच नसण्यापेक्षा एवढे तरी आहे, असा युक्तिवाद केला जातो. तो वाचकाला पुरेल; समीक्षेला पुरणार नाही. कोणती आवृत्ती, कोणत्या प्रतीवरून, कोणती पाने गहाळ, हे न सांगणारी प्रतिमा म्हणजे संहिता नव्हे. तिच्यावर उभारलेला अन्वयार्थ वाळूवर उभा असतो.

म्हणून हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून मराठीच्या प्राध्यापकांना मोकळे होता येणार नाही. सूचिकार्य आणि पाठचिकित्सा यांना दुय्यम लेखणाऱ्या आपल्या विद्यापीठांनीच ही अवस्था ओढवून घेतली आहे. २०२४ साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही आले. निर्दोष सूची, युनिकोडमध्ये रूपांतरित संहिता आणि निरनिराळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रती, ही कामे तेथून सुरू होणार नसतील, तर अभिजाततेचा उत्सव आपण कशाच्या आधारे करतो आहोत?